ताईचा करडा पुठ्ठा

माझे भावजी बँडचे फोटो काढतात. गिटार-ड्रम घेऊन गाणाऱ्या मंडळींचे, आणि तेही स्टुडिओत नव्हे. बंद कारखान्यात, गोदीवर, दगडाच्या खाणीत. छापलेल्या फोटोत चार-पाच जण रुबाबात उभे दिसतात. त्याआधी दोन तास त्याच जागी माझी थोरली बहीण उभी असे. मंडळी यायच्या आत उजेड मोजून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तिथे माणूस लागतं. ताई करडा पुठ्ठा धरून उभी राही. तो हनुवटीखाली धरायचा असतो. ती तोंडासमोर धरी.

"अगं, खाली घे."

"उजेड मोजताय की मला? मोजा आणि सोडा एकदाचं."

एकोणीस वर्षं असं चाललं.

मार्चमध्ये ताई गेली. सकाळी गॅसवर दूध ठेवलं, जरा बसते म्हणाली, आणि उठलीच नाही. दहा दिवसांनी भाची म्हणाली, "बाबा, आईचा एक चांगला फोटो दे. फ्रेम करायचाय."

भावजी आणि मी कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर वर्षवार तपासले. ताईचे सहाशे बारा फोटो निघाले. सगळ्यांत तोंडाच्या जागी पुठ्ठा. उरला लग्नाचा अल्बम आणि ओळखपत्र. अल्बममधली ताई भाचीपेक्षा लहान दिसत होती, आणि ओळखपत्रावरच्या बाईला ताईनेच दारात उभं केलं नसतं. भावजींनी फोल्डर बंद केले आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

पुढच्या आठवड्यात आधीच ठरलेलं काम होतं, एका कोरड्या जलतरण तलावात. मी सोबत गेलो. पुठ्ठा मी धरला, हनुवटीखाली.

"थोडी डावीकडे सरक," भावजी सवयीनं म्हणाले. मी सरकलो.

मग बँड आला. ड्रमवाला सहा फुटांचा, त्याला सगळे पिटुकला म्हणतात. "वहिनी कुठंयत?" त्याने विचारलं. "मागच्या वेळी म्हणाल्या, वाजवतोस बरा, आता शर्टाची बटणं लावायला शीक."

मी सांगितलं. त्याने खिशातून मोबाईल काढला. चाळून भावजींपुढे धरला. मागच्या कामाच्या वेळी सहज काढलेला फोटो होता. ताई पायरीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती आणि कुणाला तरी दटावत होती. चेहरा पूर्ण दिसत होता. मागे भावजी पाठमोरे, ट्रायपॉडवर वाकलेले.

भावजींनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"उजेड कमी आहे," ते म्हणाले. "बाजूनं हवा होता." मोबाईल परत केला. "पाठव मला."

मग एकेकाला जागा दाखवली आणि ठरल्याप्रमाणे काम संपवलं.

फ्रेम करताना भाचीने विचारलं, "बाबा, मागची तुझी पाठ कापू?"

"राहू दे."

फोटो जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे. भावजींनी खुर्ची बदलली. आता ते त्या भिंतीकडे पाठ करून जेवतात.