मनोरीची बोट

मैत्रिणींनो, आज सुनेला घेऊन घाटकोपरच्या आयव्हीएफ क्लिनिकमध्ये गेले होते. दीपालीच्या गर्भाशयात दुसऱ्यांदा एम्ब्रियो सोडला.

मी विचारलं, "आता पंधरा दिवस झोपूनच राहायचं ना?"

डॉक्टर हसल्या. "अजिबात नाही. चाला, कामं करा. झोपून राहिल्याने गर्भ जास्त चांगला रुजतो असं काही नाही."

दीपालीने हळूच विचारलं, "आणि बोटीने गेलं तर?"

"जा ना बिनधास्त. बोटीच्या हादऱ्यांनी काही होत नाही."

मी मान खाली घातली. गेल्या वर्षी पहिल्यांदा एम्ब्रियो सोडला, तेव्हा तिचे बाबा मनोरीला अगदी शेवटच्या घटका मोजत होते. मार्वे जेट्टीवरून बोटीची दहा मिनिटं! पण हादरे बसतील म्हणून मी तिला पलंगावरून उठूच दिलं नाही. डॉक्टरांना एक फोन करायचंही सुचलं नाही मला, एवढी शहाणी मी. बाबा गेले. चार दिवसांनी रिपोर्टही निगेटिव्ह आला.

आज घरी आल्यावर सवयीने मी चादर झटकली. "पड जरा."

तिने चप्पलही काढली नव्हती. "आई, मी मनोरीला जाऊन येते."

"थांब, मी पण येते."

"आज नको."

गेली. बायांनो, ती परत आली की काय बोलू मी तिच्याशी?