इनाम चालतं, पैज नाही

उंटांच्या शर्यती बघायला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात उंट नव्हते, मिरजेचं तिकीट होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलानं मला इथं आखातात, उम्म अल कुवैनला आणून ठेवलेलं. ठेवलेलं हाच शब्द बरोबर, कपाटात ठेवतात तसं. "मला घरी कधी सोडतोस?" असं विचारलं की तो म्हणायचा, "इन्शाल्ला." तिकडे शेजारीण माझ्या अंगणात पापडाची खाट टाकायला लागल्याची पक्की बातमी होती.

शनिवारी सकाळी आम्ही कुंपणाला टेकून उभे. मुलगा, सून, नात, मी आणि माझी काठी. इथल्या शर्यतीच्या उंटावर माणूस बसत नाही. पाठीवर एक छोटं यंत्र बांधतात, त्याला चाबूक असतो, आणि मालक शेजारच्या रस्त्यानं गाडी पळवत वॉकीटॉकीवरून उंटाशी बोलतो. मायेनं की रागानं, ते उंटालाच ठाऊक.

मी म्हटलं, "पैज लावू या. तो काळपट उंट पहिला आला तर माझं तिकीट काढायचं. नाही आला तर दिवाळीपर्यंत मी मिरजेचं नाव काढणार नाही."

मुलानं आधी मागं वळून बघितलं. तो कंपनीत कम्प्लायन्स बघतो, म्हणजे लोकांनी काय करू नये हे सांगायचा पगार घेतो.

"आई, हळू बोल. इथं बेटिंग बेकायदेशीर आहे."

"मी कुठं पैसे लावले?"

"काहीतरी लावलंस ना. हल्ली परवाने द्यायला लागलेत म्हणा, पण ते कंपन्यांना."

"मग काढ परवाना."

"आजी, इट्स लिटरली गॅम्बलिंग," नात मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"पण आई, तुम्हाला तो काळपटच का हवा?" सुनेनं विचारलं.

"चालीत तोरा आहे त्याच्या."

"पैंजणांच्या वेळीही तोराच बघितला होतास," मुलगा म्हणाला.

हे त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलेलं. नवी नवरी असताना जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत मी माझे चांदीचे पैंजण एका जोडीवर लावले होते. का, तर शिंगं छान रंगवली होती. मला बैलांतलं फार कळतं असा माझा समज. प्रत्यक्षात मला तेव्हा भातात पाणी किती घालायचं तेही कळत नव्हतं. बैल रंगीत शिंगं मिरवत थेट उसात शिरले आणि तिथंच चरत राहिले. घरी मी सांगितलं, पैंजण विहिरीत पडले. एवढीच अक्कल. सासऱ्यांनी लगेच दोर मागवून गडी विहिरीत उतरवला. त्याला एक तांब्या आणि सासूबाईंची कधीची हरवलेली किसणी सापडली. तेव्हापासून सासूबाई मला गुणाची समजायला लागल्या.

आमच्या शेजारी पांढऱ्या झग्यातले एक अरब आजोबा थर्मासमधून कॉफी ओतत होते. इथल्या जुन्या माणसांना हिंदी चांगली येते. त्यांनी मला कप दिला, खजूर दिला आणि विचारलं, "अम्मा, झगडा क्यूँ?" मुलाला घाम फुटला. मी सगळं सांगून टाकलं.

ते हसले. "शर्त हराम है, अम्मा. इनाम हलाल. देखनेवाला कुछ नहीं लगाता. जो दौडता है, इनाम उसका."

मी खजुराची बी रुमालात बांधली. "ऐकलंस? धावणाऱ्याला इनाम चालतं. मग मीच धावते."

"आई."

"इथून त्या टोकाच्या गेटपर्यंत, तुझा हात न धरता. पोचले तर तिकीट हे माझं इनाम. नाही पोचले तर मी कुणाचं काही लागत नाही, म्हणजे ही पैज नाही. बघ तुझ्या कायद्यात."

तो खरंच मनातल्या मनात कलमं चाळायला लागला. सून म्हणाली, "अरे, बसतंय की नियमात."

"मग काठी नाही," तो म्हणाला.

"उंटाला चाबूक चालतो, मला काठी का नाही?" मी आजोबांनाही तेच हिंदीत विचारलं.

"सही बात," आजोबा म्हणाले. खलास.

मी निघाले. पायाखाली वाळू आणि वर नवा गुडघा. मुलानं गाडी काढली आणि काच खाली करून माझ्या बाजूनं माझ्याच चालीनं चालवायला लागला. "पाऊल उचलून टाक, आई. पाणी हवंय?" नातीनं माझ्या पर्समधल्या फोनवर कॉल लावून स्पीकर चालू ठेवला होता, त्यातून सारखं "चल आजी, यल्ला, यल्ला" येत होतं. म्हणजे मला यंत्रही बांधून झालं. तेवढ्यात कुंपणापलीकडून उंट धावत गेले. काळपट शेवटून दुसरा होता.

अर्ध्या वाटेत गुडघा बोलायला लागला. मी थांबले. मुलानंही गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. त्या सीटवर बसावंसं मला जेवढं वाटलं, तेवढं लग्नाच्या पाटावरही वाटलं नव्हतं.

"दार लाव," मी म्हटलं, "एसी वाया जातोय."

गेटच्या खांबाला हात लागला तेव्हा मुलगा उतरून माझ्याजवळ आला. माझ्या तोंडाकडे न बघता गुडघ्याकडे बघत होता.

"दुखतोय?"

"छे."

संध्याकाळी त्यानं तिकीट काढलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून नीट वाचलं. जायची तारीख होती, आणि खाली यायचीही होती.

"हे कुठं ठरलं होतं?"

"इनाम केवढं द्यायचं, ते देणारा ठरवतो," तो म्हणाला.

मी गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी पदराखाली जरा आत सरकवली आणि म्हटलं, "बरं."