गोठ्याचा स्वेटर

ऐन एप्रिलमध्ये मी आमच्या गोठ्याला लोकरीचा स्वेटर घातला.

ज्यांनी निमगाव केतकीचा उन्हाळा पाहिलेला नाही, त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. ज्यांनी पाहिलाय, त्यांना माझ्या वडिलांसारखाच, म्हणजे आबांसारखाच, प्रश्न पडेल. त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाळू, त्या गुरांनी तुजं काय वाकडं केलंय?"

पण माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता. आमचा गोठा पत्र्याचा. दुपारी त्या पत्र्यावर पापड ठेवला तर भाजून निघतो (ठेवला होता, निघाला, मी खाल्लासुद्धा!). खाली गाया जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि दूध आटायचं. अशात मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. परदेशातला एक शेतकरी गोठ्याच्या छपरात मेंढीची लोकर ठासत होता, थंडी आत येऊ नये म्हणून. मी म्हटलं, जी लोकर थंडीला अडवते ती उन्हाला काय आत ये म्हणून बोलावणार आहे? थर्मासात चहा गरम राहतो तसा बर्फही टिकतोच की! हे सगळं मी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, पटवून सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"मग गोठ्याला थर्मासच आणा की," ती म्हणाली.

लोकर शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच सुमाराला मायाप्पा मेंढपाळाचा कळप आम्ही खतासाठी रानात बसवला होता. मेंढ्या नुकत्याच कातरून झाल्या होत्या आणि लोकरीचे काळे-करडे ढीग बांधावर पडले होते. हल्ली आपल्याकडच्या जाड्याभरड्या लोकरीला गिऱ्हाईक मिळत नाही. मी जरा बिचकतच मायाप्पाला विचारलं, "थोडी नेऊ का?"

"थोडी कशापायी? समदी न्या!" तो इतक्या आनंदानं म्हणाला की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पेंडीच्या रिकाम्या पोत्यांत मी लोकर गच्च भरली आणि बांबू, तारा लावून पोती पत्र्याखाली ओळीनं बांधली. लोकर आधी धुवून घ्यायची असते, हे त्या व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होतं. माझा डेटा पहिल्याच भागात संपला होता. त्यामुळे गोठ्यात पाऊल टाकलं की मायाप्पाचा अख्खा कळप माळ्यावर मुक्कामाला आल्यासारखा वास यायचा.

पण गंमत म्हणजे, उपाय लागू पडला! भर दुपारी गाया निवांत रवंथ करू लागल्या. आबांनी आत जाऊन वर बघितलं, नाक दाबलं, हात हवेत फिरवला आणि निकाल दिला, "वास मारतोय, पर गार हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांची बाज गोठ्यात गेली आणि दुपारची झोपही. मी गावात छाती काढून हिंडू लागलो.

आता हरणीबद्दल सांगायला हवं, कारण खरा जीव अडकला होता तो तिच्यात. हरणी ही वैशालीच्या माहेरची, माळेगाव बुद्रुकची कालवड. वैशालीनं तिला पोरीसारखं वाढवलेलं. माझे सासरे फोन करत ते आधी हरणीची चौकशी करायला. (नंतर माझी करत नसत. फोन ठेवत.) हरणी पहिलटकरीण होती आणि दिवस भरले होते. नेमकं तेव्हाच वैशालीला भाचीच्या साखरपुड्याच्या खरेदीला बारामतीला जावं लागलं. निघताना तिनं मला अंगणात उभं करून सांगितलं, "सांजंपातुर येते. हरणीकडं लक्ष ठेवा. आन् दुसरं काय बी करू नका!"

मी दुसरं काहीच केलं नाही. जे झालं ते सगळं आधी करून ठेवल्याचंच फळ होतं.

मायाप्पाचा कळप सकाळीच बावडा गावाच्या बाजूला निघून गेला होता. दुपारी जेवून बाहेर आलो तर गोठ्याच्या दारात त्याचं कुत्रं बसलेलं. नाव पैलवान. वासरासारखं अंग आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा. चुकून मागं राहिलं असेल, असं म्हणून मी आत जायला निघालो. पैलवान उठला आणि त्यानं मला दात दाखवले. सगळे.

तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला. "बाळू! ह्ये कुत्रं मला भाईर सोडंना!"

"हाड म्हणा की त्याला!"

"म्हटलं. त्यानं बी मला म्हटलं!"

मी भाकरी टाकली. पैलवानानं खाल्ली. दूध ठेवलं. तेही प्याला आणि मिशा चाटत पुन्हा दारात आडवा बसला. खाऊनही काम न करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, कुत्रं पहिल्यांदाच पाहिलं.

"बाळू," आबांचा आवाज आता बदलला होता. "हरणी ऊठबस कराया लागली रं. येळ भरली बहुतेक!"

मी आधी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जवळच आहे, निघतो. मग मायाप्पाला लावला.

"आमच्यात पैलवान कसा न्हाय म्हनून मगाधरनं बघतोय!" तो म्हणाला. "आवो, लोकरीचा वास धरलाय त्यानं. त्याला वाटतंय, आपली निम्मी मेंढरं तुमच्या गोठ्यातच हायती. आता आतलं भाईर सोडायचा न्हाय आन् भाईरचं आत घ्यायचा न्हाय."

"मग मी आत जाऊ कसा?"

"मेंढरू होऊन जावा!" म्हणाला आणि खो खो हसला. "बरं, फोन त्याच्या कानाला लावा. मी हाळी देतो."

मी स्पीकर लावून हात लांब केला. मायाप्पानं जोरात शीळ घातली. पैलवानानं कान टवकारले, चारी दिशांना बघितलं, मालक कुठंच दिसेना. मग मालक मोबाइलमध्येच अडकलाय अशी त्याची खात्री पटली. त्यानं अलगद माझ्या हातातून मोबाइल घेतला, पंज्याखाली ठेवला आणि त्याचीही राखण सुरू केली! दोनच मिनिटांत तो वाजू लागला. पंज्यांच्या फटीतून नाव दिसत होतं: सासरे.

डॉक्टर आले तेव्हा मी अंगणात आबांची घोंगडी पांघरून रांगत होतो. होय, मायाप्पाची थट्टा मी सल्ला म्हणून घेतली होती! पैलवानानं घोंगडी हुंगली आणि तोंड फिरवलं. वैशालीनं ती कालच पावडरीनं धुतली होती.

"तब्येत बरी आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. मला वाटलं ते गायीचं विचारतायत.

मी घोंगडी फेकली. उरलेल्या लोकरीचं एक पोतं आडोशाला पडलं होतं. सदरा काढला, दोरीनं छातीपोटाला लोकर बांधली, डोक्यावरही थोडी घेतली आणि पुन्हा रांगत निघालो. वरून ऊन, आतून घाम आणि नाकात मेंढ्या! पैलवानानं मला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, मग टाचेला हलकेच दात लावून मला आत हाकललं. आयुष्यात कुणी मला इतक्या पटकन आपलं मानलं नव्हतं.

आत बाजेवर पाय वर घेऊन बसलेले आबा मला बघून आधी देवाचं नाव घेऊन ओरडले, मग म्हणाले, "वासराचा एकच पाय दिसतोय रं. दुसरा काय येईना."

ते ऐकून माझं हसं, घाम, वास सगळं विसरायला झालं. हरणी कण्हत होती. तिला किंवा वासराला काही झालं असतं तर वैशालीला मी काय तोंड दाखवलं असतं? खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी आतून ओरडलो, "डॉक्टर, राहिलेली लोकर बांधा आन् या लवकर!"

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, जनावर नाही!"

"आवो, एकच पाय हाय!" आबा गरजले.

डॉक्टर मोठ्या मनाचे. थोड्याच वेळात ते बॅग दातांत धरून, अंगावर करडी लोकर बांधून आत आले. त्यांच्याही टाचेला दात लागले होते. पण आता तिसरीच अडचण! लोकर लावलेली दोन धूडं जवळ येताना बघून हरणी बिथरली. डॉक्टरांनी हात पुढं केला की ही लाथ! माझ्या मांडीवर एक बसली, डॉक्टरांच्या बॅगेवर दुसरी.

"काढा ते अंगावरचं!"

दारात वैशाली उभी होती. हातात बारामतीच्या पिशव्या. पैलवान तिच्या पायांत लोळत होता आणि शेपटीनं धुरळा उडवत होता. कळप रानात होता तेव्हा रोज संध्याकाळी तीच त्याला भाकरी घालायची, हे माझ्या गावीही नव्हतं.

"सर रं, बाळा," असं म्हणून ती त्याच्या अंगावरून ओलांडून सरळ आत आली. हरणीचं डोकं तिनं पोटाशी घेतलं, गळ्याखालच्या पोळीला खाजवत कानात काहीबाही बोलत राहिली आणि हरणी थांबली. डॉक्टरांनी लोकर फेकून हात घातला, मुडपलेला पाय सरळ केला. आबांनी आणि मी हळूहळू ओढलं आणि कालवड खाली आली. ओली, थरथरती आणि ठणठणीत! वैशाली रडली. आबा रडले. मी रडलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मायाप्पा कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आला. त्यानं शीळ घातली. पैलवान लगेच उठला, पण गेला नाही. तो गोठ्यात शिरला आणि आपला कळप गोळा करू लागला. वैशालीनं पैलवानाला धरून ठेवलं तेव्हाच डॉक्टर बाहेर पडून, अंग धुऊन गेले होते. माझी लोकर मात्र तिच्यातल्या चिकटपणामुळे आणि घामामुळे अंगाला जी बसली होती, ती निघता निघेना. पैलवानानं मला टाचेला धरून गोठ्यातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर आणलं. मी थांबलो की तो गुरगुरे. वस्तीवरची माणसं आपापल्या दारात येऊन बघत होती.

मायाप्पा मला सोडवायला पुढे झाला, तर वैशालीनं नव्या कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ दे, मायाप्पा. जमलं तर यास्नी बी घिऊन जा कळपात."

मायाप्पानं मला बाजारात मेंढरू पारखावं तसं खालपासून वरपर्यंत बघितलं. छातीवरची लोकर चिमटीत धरून ओढून पाहिली. का कोण जाणे, पण तो हो म्हणेल असं मला वाटलं.

"नगं, वैनी," तो हात जोडून म्हणाला. "लोकर बरी हाय, पर असलं एक मेंढरू म्होरं झालं, तर माजा समदा कळप हिरीत जाईल!"