बदलीवाला सेंटर फॉरवर्ड

मिलमध्ये रुई उडायची. कानात जायची, भुवयांवर बसायची, डब्यातल्या भाजीतसुद्धा सापडायची. मुद्दाम कोणी गोळा करत नसे, पण घरी येऊन सदरा झटकला की ओंजळभर निघायची. आमच्या हॉकीच्या गोष्टी तशाच साठल्या आहेत. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी दोघं-तिघं जुने भेटले आणि कोणी जरा झटकलं की निघतातच. मी बोलायला हळू. माझी गोष्ट अर्ध्यावर असते तेव्हा वामन तीच सांगून मोकळा होतो. म्हणून या वेळी लिहून काढतोय. कागदावर तरी तो मधे बोलणार नाही.

इंदूरला आमच्या मिलची हॉकी टीम होती. मैदानाच्या कडेला एक बुटकी भिंत होती, तिच्यावर आम्ही बसायचो. वामन इंगळे स्पिनिंग खात्यातला, आवाज मिलच्या भोंग्याएवढा. ओंकारभिया देपालपूरचा, खिशात कायम भाजलेले हरभरे. आणि मी. माझे वडील महूला फौजेत होते, त्यामुळे हॉकी आमच्या घरातलीच. माझ्या मोठ्या बहिणीचा, शांताताईचा, मुलगा मिलिंद टीममध्ये होता. तो मला मामा म्हणायचा, म्हणून भिंतीवरचे सगळेच मला मामा म्हणायला लागले. ओंकारभिया माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तोही मामाच म्हणायचा.

मिलिंद टीममध्ये होता म्हणजे बेंचवर होता. कधी शेवटची पाच मिनिटं मिळायची, कधी तीही नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. मिलची जर्सी घालून एक मॅच पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळायची. शांताताईलाही तेवढंच बघायचं होतं.

*

टीमचे मॅनेजर होते सक्सेनाजी. मुळात ते मिलचे लेबर ऑफिसर. माणूस सज्जन, पण त्यांनी आयुष्यात हॉकी स्टिक हातात धरली नव्हती. त्यांना हजेरीचं रजिस्टर येत होतं, म्हणून त्यांनी टीमही रजिस्टरवर चालवली.

मिलमध्ये दोन प्रकारचे कामगार असायचे, परमानेंट आणि बदली. बदलीवाल्याने सकाळी गेटवर येऊन उभं राहायचं. एखादा परमानेंट आला नाही, तर त्याच्या मशीनवर बदलीवाल्याला घ्यायचे. जो गेटवर आधी, त्याला काम आधी. सक्सेनाजींनी हाच कायदा टीमला लावला. अकरा जण परमानेंट, बाकीचे बदली. मिलिंद मिलमध्येही बदली आणि टीममध्येही बदली.

परमानेंट खेळाडू गैरहजर राहील तर शप्पथ. मॅचच्या दिवशी अर्धी सुट्टी आणि वर कचोरी मिळायची. अंगात ताप असला तरी लोक जर्सी घालून हजर.

मिलिंद मात्र कायदा मनापासून पाळायचा. मॅच चारला असली तरी हा अकरा वाजता मैदानाच्या गेटवर. रजिस्टरमध्ये पहिली सही त्याची. मी एकदा म्हटलं, "अरे, जेवून तरी येत जा."

म्हणाला, "मामा, जेवायला गेलो आणि तेवढ्यात कोणी आजारी पडलं तर?"

*

सेंटर फॉरवर्ड होते रघुनाथदादा. एके काळी फार सुंदर खेळायचे, मी स्वतः पाहिलंय. पण तो काळ जाऊन बराच काळ झाला होता. आधी त्यांना चष्मा लागला. तो पडू नये म्हणून बुटाच्या नाडीने मागे बांधायचे. मग बायफोकल आला. वरच्या काचेतून गोल दिसायचा, खालच्या काचेतून बॉल. दोन्ही एकदम काही दिसायचं नाही.

एकदा त्यांनी गोलसमोरच्या 'डी'मध्ये बॉल अडवला, मान वर केली, गोल नीट पाहिला, मान खाली केली. बॉल गेलेला होता.

वामन भिंतीवरून ओरडला, "ओ सक्सेनाजी, इनको ग्रॅच्युइटी दो, पास मत दो."

रघुनाथदादांनी मैदानातूनच हात वर केला. म्हणाले, "मी पण तेच मागतोय रे, देत नाहीत."

*

एका मॅचला रघुनाथदादांच्या गुडघ्याला बॉल लागला. ते बाहेर येऊन बसले. मिलिंदने स्वेटर काढला, स्टिक घेतली आणि रेषेवर जाऊन उभा राहिला. शांताताई त्या दिवशी आली होती. ती पदर सावरून उठून उभी राहिली.

सक्सेनाजींनी हात आडवा घातला. "छुट्टी की अर्जी?"

परमानेंट माणसाने सुट्टीचा अर्ज दिल्याशिवाय बदलीवाला घ्यायचा नाही, हा नियम. कागद शोधला. कागद मिळाला तर पेन नाही. पेन अंपायरच्या खिशात, आणि अंपायर पळतोय. ओंकारभियाने हरभऱ्याची पुडी उलगडून कागदाला खाली आधार दिला. रघुनाथदादा लिहायला बसले आणि मान वर करून विचारलं, "साहेब, कारणामध्ये 'गुडघा' लिहू की 'घरगुती'?"

सक्सेनाजी म्हणाले, "साफ अक्षर में लिखिए."

सही झाली. सक्सेनाजींनी अर्ज दोनदा वाचला, मंजूर म्हणून खाली सही केली, तारीख घातली. मिलिंदने आत पाऊल टाकलं आणि शेवटची शिट्टी वाजली. दहा जणांनी खेळून आपण तीन गोलांनी हरलो होतो.

सक्सेनाजी मिलिंदच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कागज़ तैयार है. अगली बार देर नहीं लगेगी."

*

आम्ही शिष्टमंडळ घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो. वामन पुढे, आम्ही मागे. त्यांनी चहा मागवला. फार अदबीने बोलले.

"लड़का अच्छा है. अनुभव नहीं है."

वामन म्हणाला, "अनुभव कसा येतो, साहेब?"

"खेलने से."

"मग खेळवा की."

"कैसे खिलाऊं? अनुभव नहीं है."

वामनने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारणार होता, तेवढ्यात ओंकारभिया त्याचा सदरा ओढून म्हणाला, "चल रे, चाय खतम हुई गी."

तेव्हा रेडिओवर रोज नवीन धोरणाच्या बातम्या असायच्या. बाहेरच्या कंपन्या येणार, बाजार खुला होणार. केबिनबाहेर आल्यावर वामन म्हणाला, "बघा मामा, देशाने परदेशी माणसाला दार उघडलं. आपल्याला आपल्याच बदलीवाल्याला उघडता येईना."

*

आमच्या तक्रारीचा परिणाम मात्र झाला. सक्सेनाजींनी होनहार, म्हणजे होतकरू, खेळाडूंसाठी योजना काढली. प्रॅक्टिसच्या दिवशी प्रत्येक होनहार खेळाडूला कँटीनमधून एक उकडलेलं अंडं.

महिना गेला. शांताताईने मिलिंदला विचारलं, "अंडं कसं असतं रे तिथलं?"

मिलिंद म्हणाला, "टरफलं तर चांगली दिसतात."

ताई दुसऱ्याच दिवशी मैदानावर आली. माझी बहीण चार फूट दहा इंच. ती सरळ सक्सेनाजींसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, माझ्या पोराचं अंडं कुठंय?"

सक्सेनाजींनी रजिस्टर उघडून दाखवलं. होनहार खेळाडूंची यादी होती, सीनियरिटीने लावलेली. पहिलं नाव रघुनाथदादांचं, वय सेहेचाळीस. यादी अकरा नावांवर संपत होती.

रघुनाथदादा शेजारीच होते, तोंडात अर्धं अंडं. त्यांनी ते कसंबसं गिळलं आणि हात जोडले. "ताई, मला तर डॉक्टरने अंडं बंद केलंय. पण ऑर्डर आहे."

त्यानंतर आमची टीम मैदानात उतरली की भिंतीवरून एकच आरोळी उठायची, "अंडा कहाँ है?" समोरच्या टीमला वाटायचं, ही आमची जुनी युद्धघोषणा आहे. महूच्या फौजींनी तर एकदा टाळ्या वाजवल्या.

*

मिलिंदला बेंचवर बसून पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. देवासची टीम मैत्रीच्या मॅचला आली, पण त्यांच्यातल्या दोघांची बस चुकली. मॅच रद्द झाली तर मागवलेल्या कचोऱ्यांचं काय करायचं? सक्सेनाजींनी आपले दोन बदलीवाले त्यांना उसने दिले. त्यात मिलिंद.

दुसऱ्या हाफमध्ये देवासने त्याला पुढे काढलं. त्याने आमच्यावर दोन गोल केले. दुसरा गोल इतका देखणा होता की भिंतीवर कोणाला काय करावं सुचेना. टाळी वाजवावी तर आपणच हरतोय. ओंकारभियाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वामनला राहवलं नाही. त्याने शिट्टी मारली आणि मग इकडंतिकडं बघत कोणी मारली म्हणून शोधू लागला.

सोमवारी मिलिंदला नोटीस. कंपनीच्या हिताविरुद्ध गोल केल्याबद्दल खुलासा द्यावा.

मिलिंदने खुलासा दिला. मी तो वाचला आहे. लिहिलं होतं, "आपले फुलबॅक कुठे थांबतात आणि कधी कंटाळतात, हे मी पाच वर्षं बेंचवर बसून शिकलो. हा माझा ट्रेनिंग पिरियड समजावा, ही विनंती."

सक्सेनाजींनी तो फाइलला लावला आणि वर शेरा मारला, "होनहार."

*

पुढच्या वर्षी मिलच्या गेटवर नोटीस लागली. मिल बंद. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी ती नोटीस वाचली त्यांना ठाऊक आहे, आणि आमच्यातल्या अनेकांना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. वामनने नंतर टेम्पो चालवला. मी भंवरकुआंला पोरांच्या होस्टेलवर चौकीदार झालो. तिथली पोरं रात्रंदिवस पुस्तकं वाचायची, त्यांच्यातच मी थोडं लिहायला शिकलो.

पण त्याच आठवड्यातल्या रविवारी आमची एक मॅच आधीपासून ठरलेली होती. महूच्या फौजींशी. कोणी रद्द केली नाही, कारण रद्द करणारं ऑफिसच राहिलं नव्हतं. आम्ही सवयीने भिंतीवर जाऊन बसलो. शांताताईही आली, हातात डबा.

सक्सेनाजी आले. नोकरी त्यांचीही गेली होती. तरी इस्त्रीचा शर्ट, काखेत गेटवरून उचललेलं रजिस्टर. जर्सी घातलेले खेळाडू त्यांच्याभोवती उभे राहिले. त्यांनी खिशातून नोटिशीची नक्कल काढली, वाचली आणि म्हणाले, "इसके हिसाब से आज परमानेंट कोई नहीं है."

वामन भिंतीवरून म्हणाला, "तो?"

"तो सब बदली. और बदली का नियम साफ है. जो गेट पर पहले, उसको काम पहले."

त्यांनी रजिस्टर उघडलं. पहिली सही मिलिंदची होती, सकाळी अकराची.

"पहिल्याला जागा निवडता येते," सक्सेनाजी म्हणाले. हे ते मराठीत म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना मराठी बोलताना मी प्रथमच ऐकलं.

"सेंटर फॉरवर्ड," मिलिंद म्हणाला.

रघुनाथदादा पंचवीस वर्षांच्या सवयीने शिट्टीच्या पाच मिनिटं आधी आले होते. त्यांचा नंबर बारावा लागला. ते बेंचवर बसले आणि मिलिंदचा स्वेटर घातला. शांताताईने डबा उघडला, त्यातलं एक उकडलेलं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं.

"ताई, डॉक्टरने..."

"खा. आता तुम्ही होनहार."

मॅच सुरू झाली. दहाव्या मिनिटाला मिलिंदने समोर रिकामा गोल असताना बॉल बाहेर मारला. सहा वर्षं "मिलिंदला घ्या" म्हणून गळा फोडणारा वामन ताडकन उठला. "सक्सेनाजी, इसको निकालो!"

शांताताईने नुसतं मागे वळून बघितलं. वामन बसला.

पुढे खेळ चांगला झाला. एक गोल त्यांनी केला, एक आपण. मिलिंदने नाही केला, पण पास त्याचा होता. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असताना त्याच्या गुडघ्यावर स्टिक बसली. तो खाली बसला तो उठेना. अंपायरने खेळ थांबवला. रघुनाथदादा स्वेटर काढू लागले. शांताताईने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

सक्सेनाजी मैदानात गेले. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला, पेन काढलं आणि मिलिंदसमोर धरलं.

मिलिंदने कागद मांडीवर ठेवून सावकाश लिहिलं. सही केली. घडी घालून त्यांच्या हातात दिला, स्टिकचा आधार घेऊन उठला आणि लंगडत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. सक्सेनाजी कागद उघडून वाचत राहिले. अंपायरला दोनदा सांगावं लागलं, साहेब, बाहेर व्हा. रघुनाथदादांनी स्वेटर पुन्हा घातला.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मिलिंद मैदानातच होता.

लोक पांगायला लागले. सक्सेनाजींना कुठं जावं कळेना, ते भिंतीपाशी येऊन उभे राहिले. वामन त्यांच्याकडे बघत राहिला. मग थोडा सरकला.

"बैठो. पण इथंही सीनियरिटी आहे. तुम्ही नवीन, उन्हाच्या टोकाला बसा."

ते उन्हाच्या टोकाला बसले. ओंकारभियाने हरभरे पुढे केले. त्यांनी चार दाणे उचलले आणि एकेक करून खाल्ले. शेवटी वामन म्हणाला, "साहेब, पोराने काय लिहिलं होतं?"

सक्सेनाजींनी खिशातून कागद काढला आणि वामनला न देता माझ्याकडे दिला. मी हळू वाचतो, तरी कोणी घाई केली नाही.

"महोदय, मेरी छह साल की छुट्टी आज पूरी हुई. ड्यूटी पर हाज़िर हो रहा हूँ."

खाली सक्सेनाजींची सही होती. मंजूर. तारीख घातलेली.