राजाभाऊंना सापडलेला पाट

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांत गेल्या महिन्यात बातमी पसरली, की राजाभाऊ देवरेंना अल ऐनमध्ये खोदकाम करताना सोन्याचा हंडा सापडला. दर मजल्यावर हंड्याचं वजन वाढत गेलं. चौथ्या मजल्यावर तो उचलायला क्रेन लागली.

हंडा नव्हता. सोनं तर नव्हतंच. राजाभाऊंना सापडला तो गाळ.

राजाभाऊ साइट सुपरवायझर. एका शाळेच्या नव्या इमारतीसाठी पाइपचा चर खणणं चाललं होतं. जेसीबी दोन मीटर खाली गेला आणि चराच्या भिंतीत, वाळूच्या मधोमध, एक करडा पट्टा दिसला. राजाभाऊंनी हात वर करून मशीन थांबवलं, खाली उतरून पट्टा बोटाने खरवडला आणि तिथेच मांडी घालून बसले.

"राजाभाऊ, तबियत ठीक है?" वरून प्रोजेक्ट मॅनेजर मुश्ताकसाहेबांनी विचारलं.

"साहेब, ये पाट है."

"मट्टी है. पुराना नाला होगा. यल्ला, मशीन चालू करो, सोमवार को पाइप आ रहा है."

"नाला गोटे लाता है, साहेब, और दोनों बाजू फेकता है. ये बारीक गाळ है, एक ही बाजू, थर पे थर. ये पानी ने नहीं रखा. आदमी ने फावडे से काढके रखा है. हर साल."

साहेबांना हे कळणार कसं? राजाभाऊंचे वडील, अण्णा, साक्रीकडे पाटकरी होते; पांझरा नदीच्या पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना वाटायचे. दरवर्षी पाणी सोडण्याआधी सगळं गाव पाटात उतरायचं आणि गाळ उपसून उताराच्या अंगाला टाकायचं. चढाच्या अंगाला टाकला, की तो घसरून परत पाटात. राजाभाऊंनी दहा वर्षं असा गाळ ओढला होता.

"पुरातत्त्व खात्याला फोन लगाव साहेब. नियम है."

"लगाता हूँ. लेकिन नाला निकला, तो अगले महीने आपका व्हिसा मैं रिन्यू नहीं करवा सकूँगा. खलास, सीधा साक्री."

"लगाव."

घरी सुहासिनीकाकूंनी कपाळाला हात लावला. "एका चरापायी गाशा गुंडाळायचा?"

"ते खणून टाकलं असतं तर अण्णांना काय तोंड दाखवलं असतं?"

"अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली."

"म्हणूनच. पूर्वी ते साक्रीपुरतंच बघायचे, आता सगळीकडे बघतात."

खात्याकडून सफा नावाची तरुण संशोधक आली. सहा दिवस तिची माणसं कुंचले घेऊन चरात बसली. राजाभाऊ काठावर उभे. डबा तसाच परत यायचा. सातव्या दिवशी तिने त्यांना खाली बोलावलं. पट्ट्याच्या कडेने सारख्या अंतरावर खड्डे निघाले होते, खजुराची झाडं लावायचे, आणि त्यांत जळक्या खजूरबिया. सोबतच्या खापरांवरून तिने दोन हजार वर्षांचा अंदाज बांधला. म्हणजे तिकडे रोमन लोक गहू पेरत होते, तेव्हा इथे कुणीतरी खजुराला पाणी देत होतं. इथे पाटाला फलज म्हणतात, एवढाच फरक.

"पुढे कुठे गेला असेल?" तिने इंग्रजीत विचारलं.

राजाभाऊंनी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून उतार पाहिला. बारा पावलं चालले आणि टाच रोवली. "हियर. वॉटर टू पार्ट."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिथेच दगड निघाले, पाणी दोन वाटांना फोडणारे. सफाने आपल्या माणसांना सांगितलं, यापुढे टाच रोवायला यांना आधी बोलवा. मुश्ताकसाहेब एवढंच म्हणाले, "पाइप घुमा दिया. आपका फॉर्म भी भेज दिया." त्या दिवशी राजाभाऊ डबा चाटूनपुसून घरी आले.

राहता राहिली पैज. त्या सहा दिवसांत सगळी बिल्डिंग श्वास रोखून असताना प्रस्तुत लेखक, म्हणजे बिल्डिंगमधला नकला करून कमावणारा पोरगा, जिन्यात म्हणाला होता, "अंकल, इट्स अ ड्रेन. बेट?" त्यावर राजाभाऊ म्हणाले होते, "माझ्या हिंदीची नक्कल करून पोट भरतोस ना? हरलास तर मी तुझी करणार."

शुक्रवारी बिल्डिंगमधल्या सगळ्यांसमोर राजाभाऊ उठले. एक हात खिशात, मान फोनमध्ये, खांदे पडलेले. "अंकल, लाइक, इट्स, लाइक, जस्ट मड."

हुबेहूब. सगळ्यात जोरात लेखकाची आई हसली.