फ्रीजरवरचा झेंडूचा हार

गळ्यात तुळशीची माळ, ताटाला कधी अंड्याचाही स्पर्श नाही, आणि पर्समध्ये मात्र मासा! नाशिकच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मासेवाल्या मॅडम अशा होत्या. रविवारी सकाळी गंगापूर धरणावर जायचं, मासेमारांकडून ताजा महाशीर घ्यायचा, खडकावर बसून त्याचं यकृत आणि मेंदू काढायचा, बर्फ भरलेल्या थर्मासात घालून बसने परत यायचं. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला की मॅडमच खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "काय वास येतोय हो आज बसमध्ये!"

नव्वदच्या दशकात मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्याच विभागात शिकवायला लागलो. त्यांचा विषय ऐकून भल्याभल्यांना जांभई यायची, पण मॅडम तो दोन वाक्यांत सांगायच्या. "हार्मोन म्हणजे गावातली दवंडी. ती सगळ्यांच्या कानावर जाते, पण ज्याचं काम असतं तोच उठतो. तो उठणारा म्हणजे रिसेप्टर." माशांच्या पूर्वजांत फार फार पूर्वी सगळ्या जनुकांची आणखी एक प्रत निघाली आणि एकेका रिसेप्टरच्या जनुकाला जुळं भावंड मिळालं. त्या जास्तीच्या प्रतीचं पुढे काय झालं, हा मॅडमच्या पीएच.डी.चा प्रश्न.

"बहुतेक प्रती झिजून जातात रे," त्या म्हणायच्या. "एखादीच नवं काम शिकून टिकते. मला ती एखादी शोधायचीय."

लग्न झालेलं नव्हतं. मखमलाबादला भावाच्या झेंडूच्या मळ्यात एका खोलीत राहायच्या. "मी आमच्या घरातली जास्तीची प्रत," असं हसत सांगायच्या, तेव्हा चहा घेऊन आलेली वहिनी हसायची नाही. पन्नाशीला टेकल्या तरी बाईंची पीएच.डी. काही संपत नाही, अशी स्टाफरूममध्ये चेष्टा चाले. मला त्या चेष्टेचा फार राग यायचा. मॅडमना स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते सगळं प्रयोगशाळेतल्या एका डीप फ्रीजरमध्ये, छोट्या छोट्या नळ्यांत गोठवून ठेवलेलं होतं.

त्या फ्रीजरचे राखणदार म्हणजे आमचे शिपाई निवृत्तीमामा. चांदवडकडचे. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की मामा सायकलवरून बर्फाची लादी आणून फ्रीजरमध्ये ठेवायचे. "मॅडम, तुमचं मासं मेलेलं आसंल, पर मी त्येला नासू देनार नाय!"

खंडेनवमीला मामा सगळ्या उपकरणांची पूजा करायचे. सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू, तराजूला हळदकुंकू. झेंडू मॅडमच्या मळ्यातला. त्या स्वतः पिशवीभर आणायच्या. त्या वर्षी मामांनी फ्रीजर भक्तिभावानं पाण्यानं धुतला. शॉक नको म्हणून आधी प्लग काढला. मग हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि प्लग विसरले. पूजेतल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. त्यामुळे तिकडं कुणी फिरकलंच नाही. दसऱ्याला जोडून रविवार आला.

सोमवारी मॅडमबरोबर मी कुलूप उघडलं. वासानंच कळलं. नळ्यांतलं सगळं वितळून सडलं होतं. वर सुकलेला हार, खाली फरशीवर लोळणारा प्लग. मॅडमनी त्या प्लगकडे पाहिलं. बाहेर मामांच्या चपला वाजल्या, तशा त्या खाली वाकल्या आणि त्यांनी प्लग जागेवर लावला.

"काय झालं, मॅडम?" मामांनी दारातूनच विचारलं.

"सुट्टीत लाइट गेली होती, मामा."

मामांनी आत येऊन फ्रीजरला हात लावला. "आन् मी घरी पुरणपोळी खात व्हतो."

मामा गेल्यावर मी चिडून बोलायला लागलो, तर मॅडमनी मला हातानं थांबवलं. "सांगून नळ्या गोठणारेत का? त्यांना नोकरीची राहिलेली वर्षं सुखानं काढू दे."

नळ्या पुन्हा भरता आल्या नाहीत. धरणावर महाशीर मिळेनासा झाला होता. संशोधनाची मुदत संपली, पीएच.डी. राहिली ती राहिलीच. मॅडमचं रविवारचं जाणं थांबलं. वर्गात जास्तीच्या प्रतीचा धडा त्या पूर्वीसारखाच शिकवायच्या, फक्त "एखादी" या शब्दाशी आल्या की घड्याळ बघायच्या. पुढच्या नवमीला मात्र पिशवीभर झेंडू आणला. मामांनी फ्रीजरला हार घातला तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या. मला बघवेना.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मॅडमना दुखणं आलं आणि त्या लवकरच गेल्या. मळ्यातच अग्नी दिला. चांदवडहून एसटीनं मामा आले होते, काठी टेकत. चिता विझत आली तरी ते हलेनात. शेवटी माझा हात धरून म्हणाले, "लय मोठं काम व्हतं हो सर बाईंचं. त्या लाइटीनं खाल्लं. नायतर आज डॉक्टर म्हनून गेल्या असत्या."

बांधापलीकडे झेंडू तोडणीला आला होता.

"हो मामा," मी म्हणालो, "लाइटच गेली होती."