पिवळ्या कव्हरातली कॅसेट

जुन्या कॅसेटींचं दुकान चालवणारे टेपवाले गिऱ्हाइकाच्या केसांवरून त्याची आवड ओळखायचे. केस पांढरे असले की संथ, रडकी गाणी. नुकते रंगवलेले असले की कॉलेजातल्या दिवसांची. विशीतलं कुणी दुकानात शिरलं, तर ते पत्ता विचारायला आलेलं असणार! या अंदाजाचा त्यांना भारी तोरा होता. म्हणून तर वारलेल्या बायकोच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट त्यांनी रडक्या गाण्यांच्या एका पिवळ्या कव्हरात घालून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवली होती. साठीच्या आतलं कुणी त्या कप्प्याला हात लावणार नव्हतं, आणि साठीच्या पुढच्यांना तेवढं वाकता येत नव्हतं.

मंगळवारी दवाखान्यात दात काढून घेऊन ते परतले, तर खालचा कप्पा रिकामा.

"बाबा, सगळ्या खपल्या!" दुकान सांभाळणारी लेक खुशीत होती. "चष्म्याच्या दुकानातली मुलगी घेऊन गेली. भिंतीवर लावणारेय म्हणे."

"वाजवून बघितल्या?"

"तिच्याकडे टेपरेकॉर्डर कुठाय?"

सुजलेला गाल धरून टेपवाले तसेच धावत सुटले.

चष्म्याच्या दुकानात ती पोरगी स्टुलावर चढून कव्हरं चिकटवत होती. पिवळं कव्हर तिसऱ्या ओळीत होतं. आत काहीच नव्हतं.

"आतल्या कॅसेट्स?"

"दाराशी पिशवीत आहेत, काका. कचरागाडी येतेच आहे."

गाडीचा भोंगा कोपऱ्यावर वाजलाच. टेपवाल्यांनी पिशवी फरशीवर पालथी केली. बायकोच्या कॅसेटवर नाव नव्हतं, फक्त तिनं हिरव्या शाईनं मारलेली फुली होती. ते एकेक कॅसेट दोनदा उलटून बघत होते. गाडी दारात थांबली. कामगार आत डोकावला.

"थांब रे बाबा!" ते ओरडले. आणि फुली दिसली.

मग भीतीचा सगळा राग पोरीवर निघाला. "विकत घ्यायचं आणि ऐकायचं नाही? ही कुठली तऱ्हा तुम्हा पोरांची? गाणी काय भिंतीला ऐकवायची?"

"चुकलं, काका." ती खाली उतरून त्यांच्याजवळ बसली. "काय आहे यात?"

"माझी बायको. जायच्या आठ दिवस आधी यात बोलली होती माझ्यासाठी."

"काय म्हणाल्या?"

तीन चालू टेपरेकॉर्डर दुकानात असताना नऊ वर्षांत टेपवाल्यांनी ती कॅसेट एकदाही लावली नव्हती.

"चल दुकानात," कॅसेट खिशात घालत ते म्हणाले. "मला एकट्याला ऐकवत नाही."